असला मारका कोंबडा ठेवलाय कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

गॅसवाला गेटाबाहेरनंच शिट्टी मारतो, दुधाला येणाऱ्या काकू काठी घेऊन येतात, आणि पाव्हणा कुठलाबी असूदे, चहा झाला की तेच, "असला मारका कोंबडा ठेवलाईस कशाला, काप की, रविवारी तांबडा-पांढरा करूया." हसून सोडून द्यायची मी. आता एकदाच लिहिते, परत कोणी विचारलं की हेच पाठवीन.

आधी हे की तांबड्या, म्हणजे हा आमचा कोंबडा, असील नाही, असील म्हणजे झुंजीची जात. आजा असंल, मान आणि पाय बघून तसं वाटतंय, पण असील रक्त म्हणून मारतो हे जे सगळे छातीठोक सांगतात ते मला पटत नाही. असील दुसऱ्या कोंबड्याला जगू देत नाही, माणसाच्या हाताखाली मात्र बहुतेक गपगुमान उभा राहतो, ज्यांनी पाळलेत त्यांना विचारा. ह्याचं कारण वेगळं आहे. ह्याची आई मुंगसानं नेली, पिल्लू एकटंच राहिलं, मग स्वयंपाकघरात बल्बखाली खोक्यात वाढवलं, पोरांच्या मांडीवर बसून कण्या खाल्ल्यात त्यानं. ज्या नराला माणसाची भीतीच नाही तो वयात आला की पुष्कळदा माणसालाच दुसरा कोंबडा समजतो. हे तेव्हा माहीत असतं तर पिल्लू बाहेर टाकलं असतं काय? नसतं टाकलं.

मी इतके दिवस एकच उत्तर द्यायची, राखणीला ठेवलाय. आमच्या कोंबड्या मोकळ्या, उसाच्या बांधापर्यंत चरत जातात, आणि सगळ्या मिसळ, गावरान, गिरिराज, ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प. गावरान भुर्रकन झाडावर जाते, गिरिराजला ते वजन घेऊन उडता येत नाही, तिला आधी कळलं तरच ती वाचते. तांबड्या घार दिसली की एक आवाज काढतो आणि कुत्रं दिसलं की वेगळाच, आणि कोंबड्यांना फरक कळतो, पहिल्याला झुडपात दडतात, दुसऱ्याला माना वर करून उभ्या राहतात. खायला सापडलं की आधी टुकटुक करून त्यांना बोलावतो. हे सगळं खरं आहे. पण ह्याच्या आधीचा आमचा गिरिराज नरपण हेच करायचा की, आणि तो कधी कुणाच्या अंगावर गेला नाही. म्हणजे राखणदार म्हटला की मारका असणारच, हे म्हणणं तिथंच पडतं. वादात बरं पडायचं एवढंच.

मग चैत्रातलं. जोतिबाची यात्रा, नणंद आलेली, सगळी दुपारी डोंगरावरनं उतरली ती गुलालानं माखलेली. तिची धाकटी, 5 वर्षांची, पायात पैंजण, आली ती थेट पिल्लांच्या मागं. मी ओरडले, "धरू नको गं," पण एक पिल्लू तिच्या मुठीत गेलंच आणि ते केकाटलं. तांबड्या उकिरड्यावरनं कसा आला मला दिसलंच नाही, आवाज नाही काही नाही, दिसला तेव्हा मानेची पिसं फुलवून तिच्या तोंडाबरोबर उडालेला, दोन्ही पाय पुढं. एकदा, आणि ती पडल्यावर परत एकदा. मी त्याच्यावर डालगं टाकलं, पोरीला उचललं, तर गालावर गुलाल कुठला आणि रगात कुठलं कळंना, पदरानं पुसतेय तर गुलालच निघतोय आणि खालनं परत लाल येतंय. पायामागचा काटा डोळ्याखाली घुसलेला. गाडीवर मधे धरून दवाखान्यात नेली, टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन. डॉक्टर म्हणाले, जरा वर असता तर डोळा गेला असता. नर्सनं तिची मूठ सोडवली तर आत पिल्लाची लव चिकटलेली, गुलाबी झालेली.

घरी आलो तर ह्यांनी कोयता काढलेला. मीच म्हटलं, आज नको, पोरीच्या पुढ्यात नको, उद्या. नणंदेनं संध्याकाळी पिशवी भरली आणि चप्पल घालताना एवढंच म्हणाली, "वहिनी, पोरीपेक्षा कोंबडा मोठा झाला तुला." दिवाळीला आली नाही.

तो उद्या काही उजाडला नाही. का, ते मला नीट सांगता येत नाही. पिल्लू धरल्यावर कोंबड्यानं दुसरं काय करायचं असतं, असं मी म्हणते, आणि लगेच मलाच वाटतं, गॅसवाल्यानं कुठलं पिल्लू धरलं होतं? कापला असता तरी तो रस्सा आमच्यात कुणाच्या घशाखाली उतरला नसता. विकावा तर झुंजीवाले नेणार, झुंजी लावणं प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या 1960 च्या कायद्यानं गुन्हा आहे म्हणून त्या लागतच नाहीत असं थोडंच आहे.

आता रात्री, कोंबडं अंधारात गप असतं तेव्हा, टॉर्च लावून दोन्ही काट्यांची टोकं कानशीनं बोथट करते, फक्त टोकं, आत हाड असतं, खोल गेलं की रक्त येतं. पाव्हणं यायच्या आधी तो डालग्याखाली. लाथ मारायची नाही, ती त्याला झुंजच वाटते आणि तो दुप्पट जोरानं येतो, आणि पळायचं तर अजिबात नाही, डालगं पुढं धरून सरळ त्याच्याकडंच चालत जायचं, तो सरकेपर्यंत. मला तो आता वाट देतो. बाकीच्यांना नाही.

नणंद फोन उचलते, पोरीशी बोलायला देते, यायचं काढलं की "बघू."

त्याचा एक पोरगा वाढतोय, ह्याला घरात घेतलेला नाही, खुडूक कोंबडीनंच वाढवलाय. हे म्हणतात ह्याला ठेवू, थोरल्याला काढू. नुकताच आरवायला लागलाय, माणूस आला की अजून तरी लांब सरतो. मी म्हटलं, वर्षभर बघू तर. तांबड्याबी ह्या वयात मांडीवरच बसत होता.