पाण्याची लाइन मी बंद का करत नाही, तुम्ही विचारलंत म्हणून

आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. गाडी लिफ्टवर असते, टर्बोखाली (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा म्हणजे टर्बो) कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, गळून वाळलेले डाग असतात, नवा पाइप यायला आठ दिवस लागणार असतात. मालक खाली वाकून बघतो आणि म्हणतो, "तेल जातंय की टर्बोला. मग पाणी कशाला? तेवढी लाइन बंद करून द्या, सोमवारी गाडी लागणार आहे." मी नाही म्हणतो. मग ठरलेलं उत्तर येतं: "आमच्या जुन्या डिझेलला कुठं होतं पाणी? दोन लाख किलोमीटर चालली."

चालली असणार. मी ते नाकारत नाही. कोल्हापुरात टर्बो खोलायला लागलो त्याला वीस वर्षं होऊन गेली. सुरुवातीची कित्येक वर्षं माझ्या टेबलावर नुसते डिझेलचे टर्बो यायचे, जीप, टेम्पो आणि ट्रकचे. त्यातल्या बहुतेकांना पाण्याचं भोकच नसायचं. एक तेलाचा पाइप वरून आत, एक जाडा पाइप खालून बाहेर, झालं. म्हणून मीही तेव्हा तुमच्यासारखंच बोलायचो. पेट्रोल टर्बो यायला लागले आणि त्यांच्या कोअरला, म्हणजे बेअरिंग असलेल्या मधल्या भागाला, पाण्याचे दोन जादा पाइप दिसले, तेव्हा मी पोरांना सांगितलं होतं की हा कंपनीचा वाढीव खर्च आहे, गळायला आणखी दोन जागा. हे मी छातीठोकपणे सांगितलं होतं. आता ते आठवलं की त्या माणसाला समोर बसवून भांडावंसं वाटतं.

भांडायचं तर मुद्दा नीट मांडला पाहिजे. टर्बोचा शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतो, छोट्या गाड्यांचे टर्बो दोन लाखांच्याही वर जातात. एवढ्या वेगात तो बेअरिंगवर टेकलेला नसतो, तेलाच्या केसभर जाडीच्या थरावर तरंगत असतो. त्याच्या एका टोकाला सायलेन्सरकडं जाणारा धूर असतो, दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा. डिझेलचा धूर चढावर सातशे-साडेआठशे अंशांपर्यंत जातो. पेट्रोलचा साडेनऊशे ते हजार, कधी त्याच्याही वर. शिवाय डिझेल नुसतं न्यूट्रलला उभं राहिलं की झपाट्यानं थंड पडतं, कारण त्याला हवा भरपूर आणि इंधन थोडं असतं. पेट्रोलचं तसं नाही. तिथं हवा आणि इंधनाचं प्रमाण बांधलेलं, त्यामुळं नुसत्या उभ्या गाडीचा धूरही डिझेलपेक्षा बराच गरम राहतो. तुमच्या वडिलांची डिझेल आणि तुमची पेट्रोल, दोघींच्या टर्बोचं काम एक असलं तरी भट्टी एक नाही.

पण गाडी पळत असताना तेल पुरतं. हे मी आजही म्हणतो आणि लोकांना ते पटत नाही, कारण त्यांना वाटतं मी पाण्याची बाजू घेतोय तर सगळीकडं पाण्याचीच घेईन. वाहतं तेल उष्णता घेऊन संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत, जातं, पुन्हा येतं. अडचण किल्ली फिरवून गाडी बंद केल्यावर सुरू होते. इंजिन थांबलं की तेलाचा पंपही थांबतो. आत राहिलेलं चमचाभर तेल जागच्या जागी बसतं, आणि शेजारचं टर्बाइनचं, म्हणजे धुरानं फिरणाऱ्या पंख्याचं, बिडाचं घर अजून तापलेलं असतं. ती उष्णता जाणार कुठं? शाफ्टवरून, कोअरवरून बेअरिंगकडं. त्यामुळं बेअरिंगचं तापमान गाडी बंद केल्यावर उतरत नाही, आधी चढतं. मी स्वतः कोअरला तापमापक बांधून पाहिलंय. किल्ली काढल्यावर काटा पुढची काही मिनिटं वरच जात होता.

पाणी तिथं उपयोगी पडतं, आणि पंप बंद असतानाही. गच्चीवरचा सोलर बघा. त्याला मोटर नसते. खालच्या नळ्यांत तापलेलं पाणी हलकं होऊन वरच्या टाकीत चढतं, थंड पाणी त्याच्या जागी खाली उतरतं. फोर्डच्या मॉडेल टीचं इंजिन याच तत्त्वावर थंड व्हायचं, त्यातल्या बहुतेक गाड्यांना पाण्याचा पंपच नव्हता. टर्बोच्या पोकळीतलं पाणी तेच करतं. गरम पाणी वर निघून जातं, थंड आत येतं, बेअरिंगची उष्णता त्याच्याबरोबर जाते. म्हणून बाहेर जाणारा पाइप वर चढताच हवा. मध्ये कुठं वाकून हवा अडकली तर ते फिरणं थांबतं. काही गाड्यांत कंपनीनं छोटा इलेक्ट्रिक पंप दिलेला असतो, तो गाडी बंद केल्यावरही थोडा वेळ चालतो. लोक तो आवाज ऐकून घाबरून माझ्याकडं येतात. त्याला चालू द्या, तुमच्याच टर्बोसाठी चाललाय तो.

आता ते सांगतो, जे मी पाच-सहा जणांपलीकडं कुणाला सांगितलेलं नाही.

2022 च्या फेब्रुवारीत एक गृहस्थ आले. एक लिटरची, तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल. घर कोल्हापुरात, नोकरी रत्नागिरीला. सोमवारी पहाटे आंबा घाट उतरायचा, शनिवारी चढायचा. टर्बोच्या पाण्याचा पाइप गंजून सांध्यापाशी गळत होता. पाइप मिळाला नाही. त्यांना सोमवारी निघायचं होतं. मी इंजिनाकडची दोन्ही तोंडं बोल्ट आणि तांब्याची वॉशर घालून बंद केली, टर्बोची पोकळी कोरडी सोडली. "पाइप आला की बसवू, तोपर्यंत चालेल," असं म्हणालो. तीन आठवड्यांनी पाइप आला. मी फोन केला. ते म्हणाले, गाडी तर एकदम छान चाललीय. त्यावर मी जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं: "मग राहू द्या की. पुढच्या सर्व्हिसिंगला बघू."

मी त्यांना विचारायला हवं होतं की शनिवारी गाडी कुठं थांबवता. विचारलं असतं तर कळलं असतं. साखरप्याकडून चार माणसं आणि एसी घेऊन गाडी घाट चढायची, आणि माथ्यावर ते चहाला थांबायचे. दर शनिवारी, त्याच टपरीवर, चढ संपल्या संपल्या. थांबले की किल्ली काढायची. म्हणजे टर्बो सगळ्यात जास्त तापलेला असताना तेलही बंद आणि पाणी तर मीच काढून घेतलेलं. असे तेरा-चौदा शनिवार गेले.

मे महिन्यातल्या एका शनिवारी चहा पिऊन त्यांनी गाडी सुरू केली. मागं निळा धूर निघाला आणि गाडीनं जोर सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी त्यांच्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं आणि हे एकुलते एक. गाडी टपरीवाल्याच्या भरवशावर ठेवून बायको-मुलांसह एका भाजीच्या टेम्पोतून ते रात्री दोनला घरी पोचले. मला त्यांनी रात्री फोन केला नाही. सकाळी विधी आटोपल्यावर केला. आवाज चढवला नाही. म्हणाले, "मिस्त्री, गाडी आंब्याला आहे. चावी घरून घेऊन जा." मी काय झालं विचारलं, तेव्हा म्हणाले, "तुम्हीच बघा."

मी टोइंगची गाडी घेऊन स्वतः गेलो. संध्याकाळी दुकानाचं शटर ओढून एकट्यानं टर्बो खोलला. शाफ्ट हातानं फिरेना. टर्बाइनकडच्या बेअरिंगवर तेल लागलेलं होतं, पातेल्याच्या तळाला दूध लागतं तसं, काळं आणि कडक. खरवडलं तर कोळशाच्या खपल्या निघत होत्या. तेलाचं बारीक भोक अर्ध्याहून जास्त बुजलेलं. शाफ्ट उष्णतेनं निळा पडलेला. पुढच्या बाजूच्या पंख्याची पाती घराला घासलेली. मग कोअर उलटा करून पाण्याची पोकळी पाहिली. आत धूळ होती. इंजिनावर माझे दोन बोल्ट तसेच होते, घट्ट, एक थेंब गळत नव्हता. काम मी चोख केलं होतं.

नवा कोअर मी माझ्या पैशानं बसवला, पाइपसकट. ते पैसे द्यायला तयार होते, मी घेतले नाहीत. त्यांनी नंतर गाडी माझ्याकडं कधी आणली नाही.

आणि तरीही, टर्बो पाण्याविनाच गेला असं मी शपथेवर सांगू शकत नाही. त्या गाडीचं तेल चौदा हजार किलोमीटर बदललेलं नव्हतं, आणि त्यात साधं मिनरल तेल होतं. काढलं तेव्हा ते डांबरासारखं होतं. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते उस्ताद म्हणाले, "तेलानं मारला रे, तू कशाला जिवाला लावून घेतोस?" वर्षभर मी त्या वाक्याला धरून राहिलो, कुणी विचारलं तर तेच सांगायचो. मग एकदा पाण्याची लाइन शाबूत असलेली, तेल वेळेवर बदललेली गाडी आली आणि तिचाही टर्बो जाम. तिथं तेल आणणारा फीड पाइपच तेलाच्या गाळानं बुजला होता. म्हणजे पाणी आहे म्हणून टर्बो वाचतोच असंही नाही. तेल पोचलं नाही तर पाणी त्याला जन्मात वाचवणार नाही. मग त्या गृहस्थांच्या गाडीत किती दोष तेलाचा आणि किती माझा? चांगलं सिंथेटिक तेल असतं तर पाण्याविनाही आणखी दोन वर्षं निघाली असती का? असतीही. हा हिशेब मी अनेकदा मांडलाय आणि दर वेळी वेगळा आलाय.

काहीजण उलटं विचारतात: आमच्या जुन्या डिझेलच्या टर्बोला पाणी लावून द्याल का? नाही. त्या कोअरमध्ये पोकळीच ओतलेली नसते. त्याला स्वच्छ तेल द्या आणि घाट चढून आल्यावर मिनिटभर न्यूट्रलला चालू ठेवा, तो त्यासाठीच बनवलाय. पण ज्याच्या कोअरमध्ये पोकळी आहे तो पाण्याच्या हिशेबानंच बनवलाय. ते पाणी काढायचा अधिकार मला नाही, तुम्ही लिहून दिलंत तरी नाही.

परवा एक तरुण आला होता. तोच पाइप, तीच घाई, गणपतीला देवगडला जायचं. मी म्हणालो, पाइप मागवतो, गाडी बुधवारपर्यंत इथंच राहील. तो म्हणाला, उद्यमनगरात दुसरा मिस्त्री अर्ध्या तासात बंद करून देतो, तुम्ही उगाच भीती घालता. किल्ली उचलली. मी दारापर्यंत त्याच्या मागं गेलो आणि काचेशी वाकून सांगितलं, "येताना घाट चढून आलात की लगेच बंद करू नका. दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, मग चहाला उतरा." त्यानं मान हलवली आणि काच वर केली.