बाबांची दाढ आणि पेनकिलर

ऐन मे महिन्यात बाबांची खालची दाढ ठणकायला लागली. गाल सुजला, कडक भाकरी बंद झालीच, पण पाणीही कमी झालं. सोलापूरच्या उन्हात हे मला जास्त धास्तीचं वाटत होतं. शेजारच्या काकांनी मायेने त्यांच्याकडच्या ॲसिक्लोफेनॅक या पेनकिलरच्या गोळ्या आणून दिल्या. त्यांना त्याने गुण आला होता.

दाताच्या डॉक्टरांनी आधी विचारलं, "काका, रोज काय काय घेता?" मी गोळ्यांची पिशवीच टेबलावर ओतली. बीपीची टेल्मिसार्टन, तीही लघवी वाढवणाऱ्या औषधाबरोबरची, रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन ७५, शुगरची गोळी. मग किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट बघितला. १.६, म्हणजे जास्तच.

"ॲसिक्लोफेनॅक नको," ते म्हणाले. सूज उतरवणाऱ्या या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन नावाचं शरीरातलं रसायन अडवतात. त्यानेच दुखणं कमी होतं, पण बाबांसारख्यांच्या किडनीचा रक्तपुरवठाही बराचसा त्या रसायनावरच टिकलेला असतो. त्यात बीपीची गोळी, लघवीचं औषध आणि अंगात पाणी कमी, म्हणजे किडनीवर चारी बाजूंनी ताण. ॲस्पिरिनबरोबर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वेगळाच. तरुण, निरोगी माणसाला दाढेसाठी याच जातीचं आयबुप्रोफेन उत्तम, सोबत पॅरासिटामॉल दिलं तर आणखी चांगलं. बाबांना मात्र नुसतं पॅरासिटामॉल. आणि मुळाशी पू झालाय, तो पेनकिलरने जाणार नाही, दाढ काढावीच लागेल. हे त्यांनी इतकं शांतपणे समजावलं की बाबांनी लगेच होकार दिला.

ॲस्पिरिन बंद न करताच दाढ काढली. कापसाचा बोळा घट्ट दाबून धरल्यावर रक्त थांबलं. बधिरपणा उतरायच्या आत पॅरासिटामॉलची पहिली गोळी द्यायची, पुढे सहा-सहा तासांनी, दुखायची वाट बघायची नाही. हे वेळापत्रक खरंच कामी आलं.

पॅरासिटामॉल मागितलं तर मेडिकलवाला म्हणाला, "ताई, याने काय होणार? ही स्ट्राँग न्या." मी स्ट्रिप उलटी करून चंदेरी कागदावरची बारीक अक्षरं उजेडात धरली: आयबुप्रोफेन ४००, पॅरासिटामॉल ३२५. म्हणजे नको ते औषध, आणि चालू असलेल्या पॅरासिटामॉलवर आणखी पॅरासिटामॉल. परत दिली.

पहिली रात्र जड गेली. गालावर बाहेरून बर्फ थोडा थोडा वेळ धरत होतो. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी मऊ दहीभात मागून घेतला. बाबांच्या फाइलच्या पहिल्याच पानावर मी आता लाल पेनने या जातीच्या पेनकिलरची नावं लिहिलीत: डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, केटोरोलॅक, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.