तुम्ही विचारलंत म्हणून: हिमालयनचा बेल्ट का काढला

माझी रॉयल एनफील्ड हिमालयन (जुनी, ४११ सीसीची) कुठंही लावली की कोणीतरी येऊन मागच्या चाकाकडं वाकून बघतं आणि विचारतं, "तुमच्या हिमालयनला बेल्ट होता ना हो? परत चेन का लावली?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "मी पण करायचं म्हणतोय, कुठं करून घेतला?" तीन वर्षं झाली, प्रत्येकाला उभ्या उभ्या दोन वाक्यात उत्तर देतो आणि समोरचा मनात "म्हणजे फसलं" असं म्हणत निघून जातो. फसलं नाही. निदान तुम्ही समजता तसं तर नाहीच. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो. बेल्ट म्हणजे मागचं चाक फिरवायला चेनच्या जागी लावलेला दातांचा पट्टा.

चेन का नको झाली होती ते तुम्हाला सांगायला नको. दर पाचशे किलोमीटरला डिझेल, ब्रश आणि चिंध्या, पावसाळ्यात तर दर रविवारी, हे तुम्हीही करताच. पण माझं खरं कारण ते नव्हतं. आमच्या वडिलांची पिठाची गिरणी होती, मी पट्ट्याच्या आवाजात वाढलो. मोटर सुरू झाली की पट्टा आधी थोडा फडफडायचा आणि मग त्याचा एक लयीतला सूं असा आवाज लागायचा, वडील घरात जेवत बसले असले तरी त्या आवाजावरून सांगायचे की पट्टा सैल झालाय, राळ लाव. २०१४ मध्ये हार्लेची स्ट्रीट ७५० आली, आमच्या कोल्हापुरात एकानं घेतली, ती शेजारून गेली तेव्हा मागच्या चाकाचा कसलाच खडखडाट नाही, फक्त तो सूं. त्या दिवशी डोक्यात बसलं ते बसलं.

हार्लेनं १९८० च्या स्टर्जिस या मॉडेलला बेल्ट दिला होता, म्हणजे हा काही नवा शोध नाही, हे मी तेव्हा सगळ्यांना ऐकवत फिरायचो. आजही ऐकवेन. एथर ४५० ही इलेक्ट्रिक स्कूटर बेल्टवर चालते, रिव्होल्टची आरव्ही ४०० ही इलेक्ट्रिक मोटरसायकल बेल्टवर चालते, मग बेल्ट टिकत नाही असं कसं म्हणता?

हिशेब तर इतका सुंदर जमला होता की काय सांगू. हिमालयनच्या चेनचा पिच, म्हणजे एका कडीपासून पुढच्या कडीपर्यंतचं अंतर, १५.८७५ मिलिमीटर. ८ मिलिमीटर पिचचा पट्टा घेतला तर दोन दात मिळून १६. म्हणजे एका कडीला दोन दात, की झालं. पुढं १५ दातांचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) होतं तिथं ३० दातांची पुली (पट्ट्याचं चक्र), मागं ३८ तिथं ७६. पुलीचा व्यास जवळपास स्प्रॉकेटएवढाच येतो, गियरिंग बदलत नाही. उद्यमनगरात ॲल्युमिनियमच्या पुल्या कापून घेतल्या, वर हार्ड ॲनोडाइज केलं, म्हणजे कडक थर चढवला, नाहीतर धुळीनं दात झिजतात. पट्टा २१ मिलिमीटर रुंद. ३६ चा हवा होता खरंतर, पण तो टायरला घासत होता. सगळं मिळून बत्तीस हजार गेले, आणि स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारी चौकट, खोलून बसवायला दोन दिवस, कारण पट्टा अखंड असतो, त्याला लॉक नसतं, तो आत घालायचा तर स्विंगआर्म काढावाच लागतो. हे वाक्य लक्षात ठेवा.

आणि गाडी पळाली! साडेसहा हजार किलोमीटर पळाली. राधानगरी, गगनबावडा, दोनदा गोवा. ना ऑइल, ना ब्रश. पायाला, पँटला काळं नाही. जे म्हणतात "बेल्ट चाललाच नाही" त्यांनी हा आकडा आधी वाचावा.

आता जे उभ्या उभ्या कोणाला सांगत नाही ते.

२०२२ चा सप्टेंबर, गौरीसाठी बायकोच्या माहेरी निघालो होतो, रत्नागिरीच्या बाजूला. पाऊस भुरभुर. मलकापूरच्या पुढं रस्त्याचं काम चाललेलं, खडी पसरलेली, त्यातून शंभरेक मीटर गेलो असेन आणि मागून फटाका फुटल्यासारखा आवाज. पट्टा आणि पुलीच्या मध्ये खडा गेला होता. चेन असती तर कडीनं तो खडा एकतर फेकला असता नाहीतर चुरला असता. पट्ट्याच्या आतल्या दोऱ्या तुटल्या आणि पट्टा निम्म्या रुंदीत चिरला. टेंपोत घालून गाडी परत मलकापुरात आणली.

माझ्याकडं जादाचा पट्टा होता. त्याचा मला केवढा अभिमान. सीटखाली, टूलकिटच्या वर, तीन वेटोळी करून केबल टायनं घट्ट आवळून ठेवला होता, दीड वर्ष. गॅरेजवाले मामा साठीचे असतील, बेल्ट ड्राइव्हची मोटरसायकल आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. पण त्यांनी टाय कापला, पट्टा हातात घेतला आणि अंगठा दाबत दाबत सगळ्या पट्ट्यावरून फिरवला. एका जागी थांबले. तिथं पाठीवर केसाएवढी पांढरी रेघ होती, आणि पट्टा त्या जागी बाकीच्यापेक्षा सहज वाकत होता.

"पाव्हनं, ह्यो हितं मोडलाय."

मी पण अंगठा फिरवला. मला लागलं. अगदी स्पष्ट लागलं. कार्बनच्या दोऱ्या ताणाला लोखंडाला ऐकत नाहीत पण चुरगळल्या की आतल्या आत मोडतात, हे मी वाचलेलं होतं, दुसऱ्यांना सांगितलेलं होतं. आमच्या गिरणीत जादाचा पट्टा कायम मोठ्या खुंटीवर मोकळा लोंबत असायचा, त्याचं वेटोळं केलेलं मी लहानपणी एकदाही पाहिलं नाही. आणि मी म्हणालो, "नाही मामा, ती नुसती घडी आहे, चालेल."

ते म्हणाले, "गाडी ऱ्हाऊ दे हितं. यष्टीनं जावा, येताना बघू."

बायको समोरच्या टपरीत बसली होती, मांडीवर गौरीच्या साडीची पिशवी. तीन तास बसली. तिनं एवढंच विचारलं, "नक्की जायचं ना?" मी म्हणालो नक्की. का म्हणालो? तीन वर्षं झाली, मी स्वतःशी भांडतोय. तेव्हाचा मी म्हणतो की साठ-सत्तर किलोमीटर तर जायचं होतं, हळू गेलो असतो. आत्ताचा मी म्हणतो की तुला यष्टीत बसून सासरवाडीला जायची लाज वाटली, कारण तिथं सगळ्यांना तू या बेल्टचं कौतुक सांगून ठेवलं होतंस. दोघंही खरं बोलतायत.

आंबा घाट उतरायला लागलो. दुसऱ्या गियरमध्ये, इंजिनच्या ओढीवर. एका वळणातून बाहेर येताना थोडं थ्रॉटल दिलं आणि पट्टा तुटला. आवाज फार नाही झाला. इंजिन एकदम किंचाळलं आणि गाडी मोकळी सुटली. घाटात, ओल्या रस्त्यावर, मागं माणूस, आणि इंजिन ब्रेकिंग शून्य. हे ज्याला अनुभव नाही त्याला कळणार नाही, गाडी आपली राहतच नाही. मी दोन्ही ब्रेक धरले, मागचं चाक सरकलं, मी गाडी डोंगराच्या बाजूला गटारात घातली. तेवढं सुचलं. मला खरचटलं. तिनं हात टेकला, डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. गौरी तिच्याशिवाय जेवल्या.

ती मला त्यावरून एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मी कदाचित हे आधीच लिहिलं असतं.

पण म्हणून "बेल्ट वाईट" असं म्हणू नका, मला तेही ऐकवत नाही. खडा हे एक कारण. जादाचा पट्टा मी मारला, ते माझं पाप. तिसरं कारण मला नंतर घरी कळलं आणि बदल करायचा असेल तर हेच वाचा. हिमालयनला मागं १८० मिलिमीटर सस्पेन्शनची चाल आहे. पुढची पुली आणि स्विंगआर्मचा पिव्हट (तो ज्या खिळीवर हलतो ती जागा) एका जागी नाहीत, त्यामुळं चाक वर-खाली झालं की पुढची पुली ते ॲक्सल हे अंतर बदलतं. मी शॉक काढून, चाक हातानं उचलून मोजलं, साधारण दोन मिलिमीटर. चेनला दोन बोटं ढील असते ती यासाठीच, मी तिला इतकी वर्षं चेनचा दोष समजत होतो. पट्ट्याला ढील चालत नाही आणि तो ताणतही नाही. उभ्या गाडीवर नीट ताण दिला तर खड्ड्यात तो तारेसारखा होतो आणि गियरबॉक्सच्या बेअरिंगला ओढतो, सैल ठेवला तर दात उडी मारतो. पहिल्या गियरमध्ये माझ्या हिशेबानं पाचशे किलोच्या वर ओढ येते, त्यात हे. हार्लेसारख्या गाड्यांना मागं चाल कमी असते, तिथं भागतं. आणि आमच्या गिरणीचा पट्टा सपाट होता, लोड जास्त झाला की घसरायचा आणि जातं वाचायचं. दाताच्या पट्ट्याला घसरता येत नाही.

स्प्रिंगचा आयडलर, म्हणजे पट्टा ताणून धरणारी जादा पुली, लावला असता तर? लोक हेही विचारतात. उतारावर इंजिन ब्रेकिंगला ताण खालच्या बाजूला जातो आणि स्प्रिंग दबते, पट्टा वरून सैल. दोन आयडलर? माहितीय, मी कागदावर काढून बघितलंय. अजून काढतोच आहे.

चेन मात्र मी परत लावली, टूलकिटमध्ये दोन चेन लॉक (तुटलेली चेन जोडायच्या कड्या) असतात, घाटात कोणीही मेकॅनिक अर्ध्या तासात जोडून देतो. बायकोला मागं बसवून मी दुसऱ्या कशावर घाट उतरणार नाही. नेमका कोणाकडं करून घेतला ते मी सांगत नाही, रागावू नका. आधी शॉक काढा, अंतर मोजा, आणि मग फोन करा.

पुल्या माझ्याकडंच आहेत. एक तिसरा, न वापरलेला पट्टा आहे, तो बंद पडलेल्या गिरणीत वडिलांच्या खुंटीवर मोकळा लोंबत ठेवलाय. मागच्या महिन्यात सांगलीत एक जुनी स्ट्रीट ७५० विकायला आहे म्हणून बघून आलो. अर्धा तास नुसता मागच्या चाकाशी बसून होतो. बायकोला अजून सांगितलेलं नाही, हे तिला आधी वाचायला देणार आहे.