रनआउट किती?

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. आठवीत आलो तरी माझ्या खात्यावर मोजकीच क्रियापदं जमा होती, आणि त्यातलं 'रन' सगळ्यात पक्कं. धावणे. मैदानावर रोज तेच तर मोजायचो! एकदा सरांनी फळ्यावर लिहिलं, 'हिज नोज इज रनिंग', आणि मला उभं केलं. मी खणखणीत आवाजात सांगितलं, "त्याचं नाक पळत आहे."

वर्ग हसून हसून लोळला. सर म्हणाले, "पळू दे. दमलं की थांबेल." मग विचारलं, "मराठीत नाक काय करतं?" वाहतं. "दुकान?" चालतं. "धुताना कपड्याचा रंग?" जातो. "इंग्रजीत या सगळ्यांना रन." अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीत 'रन' करतो, इंग्लंडमधला 'स्टँड', म्हणजे एक धावतो, दुसरा आपल्यासारखा उभाच राहतो, हेही त्याच तासाला कळलं.

हे सगळं पाठ कसं करायचं, असं कुणीतरी कुरकुरलं. सर म्हणाले, "गाडी लागली म्हणजे काय झालं?" एक जण म्हणाला, फलाटाला लागली. मागच्या बाकावरून आवाज आला, घाटात उलटी झाली. मग भूक, ठेच, निकाल, नाद, डोळा... 'लागणे'ने फळा भरला. घंटा झाली तरी आमचं चालूच.

वहीचं शेवटचं पान 'रन'साठी राखायचं, हा सरांचा हुकूम. दहावीपर्यंत माझ्या पानावर २३ अर्थ झाले होते. फार वाटायचे. पुढे २०११ च्या सुमारास वाचलं, की ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या नव्या आवृत्तीसाठी या एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवलेत, आणि जुन्या आवृत्तीतल्या 'सेट'चा पहिला नंबर गेलाय. म्हणजे मी अजून पॅव्हेलियनच्या पायरीवरच!

चोविसावा अर्थ भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मिळाला. नोकरीचा पहिला आठवडा. लेथच्या चकमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या जबड्यांच्या पकडीत, जॉब (घडवायचा धातूचा तुकडा) बांधला होता. फोरमन ओरडले, "रनआउट किती आहे बघ रे!" मी चक्क विचारलं, "कोण झाला?" त्यांनी काही न बोलता डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं काट्याचं घड्याळ, जॉबला टेकवला आणि चक हाताने सावकाश फिरवला. काटा चार घरं सरकला आणि परत आला. एक घर ०.०१ मिलिमीटरचं, म्हणजे रनआउट, जॉबचं फिरताना डगमगणं, ०.०४. मग एक जबडा सैल, समोरचा घट्ट, पुन्हा फिरव, पुन्हा बघ. काटा जागचा हलेनासा व्हायला अर्धा तास गेला. तेवढ्यात जॉब थंड ठेवणारं कूलंट संपलं. तेही इंग्रजीत 'रन आउट'च!

पुढे सर एका लग्नात भेटले. हा किस्सा सांगितला तर जेवण बाजूला ठेवून म्हणाले, "थांब, तो जबडा नेमका कुठला सैल करायचा?" मी पत्रिकेच्या पाठीवर चक काढून दाखवला. ती पत्रिका त्यांनी घडी करून खिशात ठेवली.