रानचिमणीचा पिवळा गळा

मार्च अखेरचा रविवार. नऊ जणांचा गट घेऊन मी सकाळी सातला पुण्यात येरवड्याच्या डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्यात पोचलो. मुळा-मुठेला नेहमीचा वास होता, पण हळदीकुंकू बदकांना आणि शेकाट्यांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. मी गटाला रानचिमणी दाखवायचं कबूल केलं होतं. पैसे घेऊन चिमणी दाखवणार म्हटल्यावर निम्म्यांच्या कपाळाला आधीच आठ्या.

"पिवळा गळा शोधा," असं सांगून मोकळा झालो, तिथेच चुकलो. तो ठिपका जेमतेम नखाएवढा. पक्ष्याने मान वर केल्याशिवाय दिसत नाही, मादीचा तर फारच फिका. पंखांवरच्या पांढऱ्या पट्ट्या आणि नराच्या खांद्यावरचा तांबूस डाग सांगायला हवा होता. तासभर सगळ्या दुर्बिणी गळेच शोधत राहिल्या, दोनदा तर बुलबुलांवर जाऊन थांबल्या.

एक वाळकं झाड माझ्या माहितीतलं होतं, त्यात तांबट पक्ष्याने कोरलेली जुनी ढोली. रानचिमणी स्वतः ढोली कोरत नाही, घरट्यासाठी अशी आयती जागा धरते. तिथे बघतो तर साळुंक्यांनी ठाण मांडलेलं. वेळ मारून न्यायला मी सालिम अलींची गोष्ट काढली. १९०८, मुंबई. पोराने छऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडली, गळ्यावर पिवळा डाग दिसला, मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे धाडलं. गोष्ट चांगली रंगात आली होती.

"जरा गप्प बसता का?" मागून एक काकू म्हणाल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, दुर्बीण केव्हाच पिशवीत गेली होती. "मघापासून एक चिमणी वेगळंच बोलतेय. चिलप-चलप काहीतरी."

आम्ही ज्या बाभळीकडे पाठ करून उभे होतो, तिच्याच शेंड्यावर नर बसला होता. विणीच्या दिवसांत काळी पडलेली चोच, पंखांवर पट्ट्या. आवाज चिमणीचाच, पण जास्त गोड. एवढ्यात त्याने मान मागे टाकली.

काकूंनी दुर्बीण बाहेर काढली, बराच वेळ लावून ठेवली.

"एवढुस्संच?" त्या म्हणाल्या. "पोराची नजर भलतीच चांगली होती म्हणायची."