डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि निदान निघालं कोरडेपणाचं

डोळा कोरडा पडला की तो पुष्कळदा आधी गळायला लागतो. त्यामुळेच हा आजार लवकर ध्यानात येत नाही. आमच्या घरचं मत तर ठरलेलं: "डोळ्यातून पाणी वाहून रायलं, अन् कोरडे कायचे?" पण डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर अश्रूंचा जो पातळ थर असतो, तो जागोजाग फाटला की पडद्याच्या नसा उघड्या पडतात आणि अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. ते पाणी गालावर ओघळून जातं. फाटलेला थर त्यानं सांधत नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवतो. सातबारा, दाखले, पीक विम्याचे अर्ज, म्हणजे दिवसभर स्क्रीन, बाजूला कूलर आणि जाणं-येणं मोटरसायकलवर. डोळ्यांना याहून वाईट बेत दुसरा नसेल. लक्षणं अशी होती: बारीक रेती गेल्यासारखं टोचणं, संध्याकाळी वाढणारी जळजळ, गाडीवर वारा लागला की पाणी, आणि वाचताना अक्षर धूसर होऊन पापणी मिटली की पुन्हा स्वच्छ दिसणं. या शेवटच्या खुणेवर मी सगळ्यात जास्त भर देईन. चष्म्याचा नंबर बदलला असेल तर पापणी मिटल्यानं अक्षर सुधारत नाही. थर फाटत असेल तर सुधारतं. खाज फार असेल तर ॲलर्जीची शंका घ्यावी, आणि पिवळी चिकट घाण येऊन सकाळी पापण्या चिकटत असतील तर जंतुसंसर्गाची.

ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी कोणत्या वारी बसतात ते आधी विचारून जावं, नाहीतर एसटीचं भाडं वाया. तिथं नंबर आणि वरवरची तपासणी होते. थराची खरी तपासणी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दुर्बिणीवर करावी लागते. ती जिल्ह्याच्या ठिकाणी, नाहीतर यवतमाळ, नागपूर, सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत होते. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत. सर्दीच्या सेटिरिझिनसारख्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं, मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन यांनी डोळे कोरडे पडतात. डॉक्टर मॅडमनी मला साखर, थायरॉइड, सांधेदुखी आणि तोंडाला कोरड पडते का, हे सगळं विचारलं. तोंड आणि डोळे दोन्ही कोरडे, वर सांधे दुखत असतील तर स्योग्रेन नावाचा आजार तपासावा लागतो. पाळी गेलेल्या बायांमध्ये कोरडेपणा जास्त दिसतो, तेही सांगायला लाजू नये.

तपासण्यांना क्रम असतो. आधी नारिंगी रंगाची ओली पट्टी पापणीच्या आत टेकवतात, निळ्या उजेडात डोळा हिरवा चमकतो, आणि पापणी न मिटता थरात पहिला काळा ठिपका किती सेकंदांनी पडतो ते मोजतात. 10 सेकंदांच्या आत पडला तर थर कच्चा. त्यानंतर शर्मर चाचणी: 5 मिलिमीटर रुंद, 35 मिलिमीटर लांब कागदाची पट्टी खालच्या पापणीत बाहेरच्या बाजूला अडकवून 5 मिनिटं बसवतात. 10 मिलिमीटरपेक्षा कमी ओली झाली तर शंका, 5 किंवा कमी म्हणजे पाणीच कमी. ही पट्टी आधी लावली तर डोळा चिडतो आणि पहिल्या चाचणीचा आकडा बिघडतो. शेवटी पापणीची कड दाबून तेल कसं येतं ते पाहतात.

माझी पट्टी 16 मिलिमीटर ओली झाली, थर मात्र 4 सेकंदांत फाटला. दाबल्यावर तेलाऐवजी टूथपेस्टसारखा पांढरा घट्ट पदार्थ आला. पाण्याची कमी नव्हती, तेलाची होती. वरच्या पापणीत साधारण 25 ते 40 आणि खालच्या पापणीत 20 ते 30 तेलग्रंथी असतात. त्यांचं पातळ तेल अश्रूंवर पसरून बाष्पीभवन रोखतं. वावरात ठिबक लावलं, पण वर कुटाराचं आच्छादन नसलं की मे महिन्यात ओल टिकत नाही, तसंच हे. कोरडेपणाचा हाच प्रकार जास्त लोकांत सापडतो. नुसते ड्रॉप टाकून तो आटोक्यात येत नाही, कारण अडचण ग्रंथीच्या तोंडाशी असते.

म्हणून मुख्य उपाय गरम शेक. करायला सोपा आणि बिघडवायलाही सोपा. घट्ट तेल वितळायला पापणीला 40 अंशांच्या आसपास ऊब काही मिनिटं सलग मिळावी लागते. ओलं फडकं दोनेक मिनिटांत निवतं आणि लोक तेच निवलेलं फडकं दहा मिनिटं डोळ्यावर ठेवून बसतात. मी झाकणाच्या स्टीलच्या डब्यात गरम पाणी घेतो, दोन स्वच्छ सुती फडकी ठेवतो. एक डोळ्यांवर, दुसरं डब्यात, आलटून पालटून, एकूण 8 ते 10 मिनिटं. फडकं पिळून आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायचं; तिथं चटका बसला तर पापणीलाही बसणार. शेक संपताच, ऊब असतानाच, बोटानं मालिश: खाली पाहून वरच्या पापणीवर वरून खाली, वर पाहून खालच्या पापणीवर खालून वर, नेहमी केसांच्या दिशेनं. डोळ्याचा गोळा दाबायचा नाही. मग उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्यानं केसांची मुळं पुसायची, कोंडा निघून जातो. सुरुवातीला दिवसातून दोनदा, नंतर एकदा. मेअखेरच्या नवतप्यात गरम शेक घ्यायला कोणालाच आवडत नाही. पहाटे उरकून घ्यावा. फरक आठवड्यांनी कळतो, दिवसांनी नाही, आणि बरेच जण कंटाळून नेमके त्याआधीच सोडून देतात.

आता ड्रॉप. मेडिकलमध्ये "डोळे लाल आहेत" म्हटलं की काउंटरवर जी बाटली येते, तिच्यावरची बारीक अक्षरं वाचावीत. मला मिळालेल्या पहिल्या बाटलीवर डेक्सामेथासोन लिहिलं होतं; ती तिथंच परत केली. हे स्टेरॉइड आहे. चार दिवस डोळा छान वाटतो, पण देखरेखीशिवाय चालू ठेवलं तर डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदू लवकर येतो, आणि बुबुळावर बुरशी असेल तर ती भडकते. नॅफाझोलिनचे लाली घालवणारे ड्रॉपही नकोत. त्यांचा असर उतरला की लाली परत येते. हवेत ते कृत्रिम अश्रू: कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज 0.5 टक्के किंवा सोडियम हायलुरोनेट. 1 टक्क्याचे ड्रॉप घट्ट असतात, टाकल्यावर थोडा वेळ धूसर दिसतं, म्हणून ते टाकून लगेच गाडी चालवू नये. जेल किंवा मलम रात्री. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा टाकायचे असतील तर बेन्झाल्कोनियम क्लोराइड नसलेली बाटली मागायची, कारण औषध टिकवण्यासाठी घातलेलं हे रसायनच डोळ्याला त्रास देतं.

टाकताना हात धुवून, मान मागं करून, खालची पापणी ओढून तयार झालेल्या खोबणीत एकच थेंब. दुसरा थेंब बाहेरच ओघळतो, पैसे गालावर. मग डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबायचा. दोन वेगळ्या औषधांत 5 मिनिटांचं अंतर, मलम सगळ्यात शेवटी. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनानं लिहायची आणि महिन्यानं टाकून द्यायची. आपल्याकडच्या उन्हात गाडीच्या डिक्कीत बाटली ठेवू नये. घरात माठाजवळची थंड जागा बरी. एकच बाटली घरभर फिरवणं तर अजिबात नको.

कूलरला लोक उगाच बदनाम करतात. त्याची हवा दमट असते, त्रास सरळ तोंडावर येणाऱ्या झोताचा आहे. कूलर जागेवर राहू द्या, खुर्ची फिरवा. स्क्रीन नजरेच्या थोडी खाली घेतली की डोळा कमी उघडा राहतो. स्क्रीनकडे पाहताना माणूस पापणी कमी लववतो आणि अर्धवट लववतो, म्हणून अर्ज सबमिट करून चाक फिरत असतं तेवढ्या वेळात पापण्या पूर्ण मिटून दोन सेकंद थांबायचं. सर्व्हर आपला असा की ही संधी दिवसभर मिळते. गाडीवर बाजूनं झाकलेला गॉगल. दुपट्टा नाकावर सैल बांधला तर श्वासाची गरम हवा वर डोळ्यांत जाते, तो नाकाच्या हाडापाशी घट्ट बसवावा. पऱ्हाटीच्या काड्यांच्या चुलीचा धूर, थ्रेशरवरची सोयाबीनची धूळ आणि बिडी, तिन्ही या थराचे वैरी.

जवसाबद्दल सगळे विचारतात, कारण माशाच्या तेलासारखं त्यातही ओमेगा-3 असतं. 2018 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीत माशाच्या तेलाच्या कॅप्सूल ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूलपेक्षा सरस ठरल्या नाहीत. जवसाची चटणी भाकरीसोबत खावी, चव आहे. डोळ्यासाठी गोळ्यांवर पैसे घालू नयेत. गुलाबजल, मध, एरंडेल, कांद्याचा रस डोळ्यात घालायचे नाहीत.

एवढं करूनही भागत नसेल तर डॉक्टर सायक्लोस्पोरिन 0.05 टक्के हे ड्रॉप देतात. ते सुरुवातीला झोंबतं आणि असर दिसायला एक ते तीन महिने लागतात. पाणीच कमी असणाऱ्यांना अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्रात बारीक बूच बसवतात.

तुरीची किंवा पऱ्हाटीची काडी डोळ्याला लागून दुखणं, उजेड सहन न होणं, नजर कमी होणं, बुबुळावर पांढरा ठिपका दिसणं, हे कोरडेपणाचं काम नाही. बुरशीची जखम अशीच सुरू होते, त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं. फवारणीचं औषध किंवा तंबाखू-खर्र्याचा चुना डोळ्यात गेला तर आधी स्वच्छ पाण्याच्या धारेखाली किमान 20 मिनिटं डोळा उघडून धुवायचा, चुन्याचे कण ओल्या फडक्याच्या टोकानं काढायचे, आणि मगच गाडी काढायची.