गरम झाला की बंद पडूलालाय

सकाळी साडेसहाला फोन वाजला तेव्हाच कळलं की शेतातून असणार, कारण घरातून फोन असला की आई आधी मिस्डकॉल देते. मे महिन्यात इथल्या आणि बेळगावच्या घड्याळात साडेचार तासांचा फरक, म्हणजे तिकडं अकरा वाजलेले, ऊन डोक्यावर. पलीकडं धाकटा भाऊ. "दादा, ट्रॅक्टर गरम झाला की बंद पडूलालाय रे. सकाळपासून तिसऱ्यांदा झालं. आप्पा बांधावर बसून नुसतं माझ्याकडं बगूलाल्यात."

आमच्या आप्पांना ओळखणाऱ्यालाच या शेवटच्या वाक्याची भीती कळेल. ते ओरडत नाहीत, बघतात.

घाई पण तशीच होती. आमच्या पश्चिम भागात, म्हणजे उचगाव, बेळगुंदीपासून पार खानापूरपर्यंत, बरेच जण धूळवाफ पेरणी करतात. मेच्या शेवटाला कोरड्या मातीत भात पेरून टाकायचं आणि मग आभाळाकडं बघत बसायचं. त्याआधी रोटर मारून ढेकळं फुटली पाहिजेत, आणि वळीव जोरात येऊन गेला की तांबड्या मातीत चिखल होऊन सगळं दहा दिवस मागं पडतं. भाड्यानं ट्रॅक्टर सांगावा तर त्या आठवड्यात कुणाचाच मोकळा नसतो, सगळ्यांचीच पेरणी एकदम.

नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगतो, मी नॉर्दर्न आयर्लंडमध्ये काउंटी डाऊनमधल्या एका छोट्या गावात राहतो. बायको इथं हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, मी वेअरहाऊसमध्ये. पण त्याआधी बेळगावात आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलंय, चार वर्षं गॅरेजला हात काळे केलेत, त्यामुळं घरच्या ट्रॅक्टरच्या बाबतीत मी स्वतःला मोठा डॉक्टर समजतो. ट्रॅक्टर 1986 चा, भावापेक्षा वयानं मोठा, तीन सिलिंडर, 35 एचपी. 

तर डॉक्टरनं फोनवरूनच निदान केलं: पंप गेला, म्हणजे इंजिनाला प्रेशरनं डिझेल देणारा मोठा पंप. आता हे काय उगाच नव्हतं. रोटरी पंपाचं आतलं हेड झिजलं की थंड असताना तो व्यवस्थित चालतो, पण तापला की डिझेल पातळ होतं आणि त्या झिजलेल्या फटीतून आतल्या आत मागं जातं, मग सेल्फच्या कमी स्पीडला, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं नोझल उघडायला लागणारं प्रेशरच बनत नाही. म्हणून गरम इंजिन बंद पडलं की लवकर चालू होत नाही. जुन्या लोकांची यावर एक परीक्षा आहे, बंद पडल्या पडल्या पंपावर ओलं फडकं ठेवायचं, आणि पाच मिनिटांत चालू झाला तर पंपच. (बादलीनं गार पाणी ओतू नका बरं का, आणि चालू इंजिनवर तर अजिबात नको, आतली फट केसापेक्षा बारीक असते, गार पाण्यानं पंप जाम होऊ शकतो.) भावानं ते केलं. फडकं ठेवलं तरी चालू व्हायला वीस मिनिटं, नाही ठेवलं तरी वीस मिनिटं. खरं तर तिथंच माझं निदान पडलं होतं पण मी काय मान्य केलं नाही. त्यात गावाकडच्या मेकॅनिकनंपण पंपच काढून द्या म्हणून सांगितलं, दहा-पंधरा हजारांचा खड्डा आणि चार दिवस मोडणार ते वेगळंच. दोन डॉक्टरांचं एकमत झाल्यावर पेशंटला कोण विचारतंय.

संध्याकाळी कामावरून आलो तर शेजारचे आजोबा त्यांच्या शेडमध्ये होते. वय ऐंशीच्या पुढं, पायात कायम गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, आणि प्रत्येक गोष्टीला 'वी' म्हणायची सवय, इकडं लहानला वी म्हणतात पण हे लोक मोठ्यालापण तेच म्हणतात, वी चहा, वी पाऊस, वी ऑपरेशन. त्यांच्याकडं एक करडा फर्ग्युसन टीई20 आहे. 1946 ते 1956 या दहा वर्षांत कव्हेंट्रीच्या कारखान्यात असे पाच लाखांवर ट्रॅक्टर बनले. ज्या हॅरी फर्ग्युसनचं नाव त्याच्यावर आहे तो 1884 साली याच आमच्या काउंटी डाऊनमध्ये एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला, 31 डिसेंबर 1909 ला स्वतः बनवलेलं विमान उडवलं, आणि मग ट्रॅक्टरच्या मागं औजार धरायची ती तीन पॉइंटची जोडणी चालवून दाखवली. आज उचगावच्या रानात रोटर ज्या तीन पिनांवर लटकतो ती हीच की. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आप्पांना फोन करून सांगितलं होतं, ते म्हणाले, "बरं, तिकडं पाऊस हाय काय?"

तर आजोबांना सगळी कथा सांगितली, पंपापर्यंत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, बंद पडताना तो कसा पडतो? खोकत खोकत मरतो की स्विच बंद केल्यासारखा गप्प होतो?

मला उत्तर देता येईना. दिवसभरात भावाला मी दहा सूचना दिल्या होत्या आणि हे एक विचारलंच नव्हतं.

त्यांचा पेट्रोलवाला आहे, त्यात गरम झाल्यावर पटकन गप्प होणं म्हणजे बहुतेक वेळा इग्निशन कॉइल नाहीतर कंडेन्सर, ते तापले की ठिणगी मरते. डिझेलला ठिणगीच नाही. तिथं अचानक गप्प झाला तर डिझेल बंद करणारी केबल सरकली काय, आणि नवीन गाडी असेल तर त्याचा सोलेनॉइड, म्हणजे तेच काम करणारा विजेवरचा खटका, बघायचा. दमत, लोड घेईना होत, काळा धूर आणि टेम्परेचरचा काटा लालमध्ये असेल तर रेडिएटर, फॅनबेल्ट, पाणी (आणि टोपी गरम असताना उघडायची नाही, आमच्याकडं एकाचा हात त्यानंच भाजलाय). पण आवाज वर-खाली वर-खाली होऊन, खोकून मरत असेल तर त्याला खायलाच मिळत नाही.

लगेच भावाला फोन लावला. इथं मेमध्ये रात्री साडेनऊलापण उजेड असतो, मला कळलंच नाही की भावाकडं दोन वाजलेत. तरी उचलला बिचाऱ्यानं. "खोकतो की ओ दादा, आधी जरा हुंकारतो, मग दोन-तीनदा आचके देतो." काटा? मध्यावर. आणि मग झोपेतच त्यानं एक सोन्यासारखी गोष्ट सांगितली: टाकी फुल्ल असली की तास-सव्वातास चालतो, अर्ध्याखाली आली की अर्ध्या तासात बंद.

पंपाला टाकीत किती डिझेल आहे ते कुठं माहीत असतंय. अडचण पंपाच्या अलीकडं होती.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी, म्हणून सकाळी पाचला उठून व्हिडिओ कॉलवर बसलो. आधी टाकीची टोपी. टोपीचं हवेचं भोक मातीनं बुजलं की टाकीत व्हॅक्यूम होतो आणि डिझेल खाली यायचं थांबतं, बंद पडल्यावर टोपी उघडताना सुस्स आवाज आला तर समजायचं तेच. आवाज आला नाही. फिल्टर मार्चमध्येच बदललेला. कॉकची जाळी काढून बघितली, थोडा गाळ होता, साफ केला, तरी चाळीस मिनिटांनी पुन्हा तेच.

मग आजोबांची ट्रिक. पाच लिटरचा ऑइलचा कॅन धुऊन वाळवून त्यात डिझेल भरलं, बॉनेटच्या वर एका पट्टीला आवळून बांधला, आणि त्याचा स्वतंत्र पाइप थेट फीड पंपाला, म्हणजे टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणाऱ्या छोट्या पंपाला. टाकी, कॉक, जुना पाइप, सगळं बाजूला. पाइप जोडल्यावर फिल्टरचा बोल्ट सैल करून फीड पंपाच्या हातदांड्यानं बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढली आणि रोटर टाकला रानात. कॅन संपत आला की थांबून परत भरायचा. दीड तास झाला, दोन तास झाले. मी इकडं चहावर चहा, तिकडं भाऊ फेरीच्या टोकाला आला की हात वर करायचा. एकदापण खोकला नाही. आप्पा बांधावरून उठून घरी गेले म्हणजे बघा.

राहिला तो टाकीपासून फीड पंपापर्यंतचा हातभर रबरी पाइप. भावानं तो काढला आणि ब्लेडनं उभा चिरून कॅमेऱ्यासमोर धरला. बाहेरून काळा, चकचकीत, नव्यासारखा. आतला थर मात्र फुगून सुटलेला, जिभेसारखा एक तुकडा लोंबत होता. इंजिन तापलं की पाइप नरम पडणार, फीड पंप ओढणार, पाइप चपटा होणार आणि ती जीभ वाट अडवणार. टाकी भरलेली असली की वरून वजन असतं म्हणून थोडं तरी ढकललं जातं. बंद करून वीस मिनिटं गार झाला की परत गोल. दहा मिनिटं आम्ही दोघं तेच बघत बसलो होतो, इतकी मजा वाटली.

मग भाऊ म्हणाला, "दादा, हे बग." पाइपच्या एका टोकाला स्टीलची क्लिप होती. पाना लावायची सहा कोनी डोक्याची, चांगली, आमच्याकडं कुणी एवढी भारी क्लिप लावत नाही. ती मी लावलेली. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत आलो होतो तेव्हा क्लिपा इथून बॅगेतून नेल्या होत्या, मोठ्या हौसेनं. आणि पाइप मात्र त्या दिवशी रविवार, दुकानं बंद, म्हणून घरात पडलेला फवारणी पंपाचा तुकडा कापून लावला होता, नंतर बदलू म्हणून. डिझेलचा पाइपच नव्हता तो. डिझेलमध्ये साधं रबर फुगतं हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

मी काही बोललो नाही. भाऊपण नाही, तेवढा शहाणा आहे. दुपारी तो बेळगावला जाऊन डिझेलचा पाइप घेऊन आला, दोन्हीकडं नवीन तांब्याचे वायसर टाकले, क्लिपा माझ्याच ठेवल्या. पेरणी वळीवाच्या आधी दोन दिवस झाली.

आजोबांना सांगितलं तर ते इतके हसले की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. वी पाइप, म्हणाले.

आप्पांनी तो चिरलेला तुकडा टाकू दिला नाही. गोठ्याच्या खांबाला खिळा आहे, तिथं अडकवलाय. दादा आला की त्याला दाखवायचा हाय, असं आईला म्हणाले म्हणे.